तीस पोरं, सर्व्हर एक

संपादक महोदय,
इंदुरात राजवाड्याजवळ एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवतो, लॅबमधले जुने पीसी सगळे एकाच रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर चालतात, म्हणजे सगळ्यांचं काम त्या एकाच मशीनवर होतं, आता पोरांच्या स्क्रीन बघायला व्हेऑन नावाचं सॉफ्टवेअर टाकलं तर सगळ्यांचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, एकच, मग कोण कुठला कळणार कसं? दोन शनिवार त्यातच गेले. सेटअपवाल्याने व्हेऑनमधला मल्टी सेशन मोड चालूच केला नव्हता! तो केला की प्रत्येक सेशनला, म्हणजे एकेका पोराच्या लॉगिनला, वेगळा पोर्ट (त्या पत्त्यावरचा दार नंबर म्हणा) मिळतो, १११०० या मूळ नंबरात सेशन नंबर मिळवला की येतो तो पोर्ट, लिस्टमधे आयपीपुढे कोलन देऊन तो लिहायचा, फायरवॉलमधे पण उघडायचा. सॉफ्टवेअर फुकटचं, पैसे मात्र घेऊन गेले भाऊ. आणि स्क्रीन बघतोय हे पोरांना आधी सांगा हो, मी सांगितलं तर निम्म्यांनी गेम आपणच बंद केले.
– एक शिक्षक, इंदूर