बाबा, डोळे उघडे ठेवूनच बसा

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले, "आता माझ्याच्यानं ध्यान होत नाही. श्रद्धाच आटली बहुतेक." तेव्हापासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, मागच्या खेपेला तुम्ही ध्यानाला बसलात तेव्हा मी दारात उभी होते. डोळे मिटले आणि थोड्याच वेळात तुमच्या उजव्या हातानं मांडीवरचं कापड मुठीत आवळलं. खांदे वर चढले. बाहेर कुठल्याशा गाडीचा ब्रेक करकचून लागला, तसे तुम्ही ताडकन उठलात. श्रद्धेचा इथं काय संबंध? अपघाताला दोन वर्षं झाली, पण शरीराला ते अजून पटलेलं नाही. धोका दिसताच छाती धडधडवणारी, स्नायू ताठ करणारी मज्जासंस्था अजून पहाऱ्यावर उभी आहे. पहारेकऱ्याला डोळे मिटायला सांगितलं तर तो बिथरणारच.

आघातानंतरच्या अशा त्रासाला पीटीएसडी म्हणून अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी केलेल्या मनोविकारांच्या अधिकृत यादीत जागा मिळाली तीच मुळी 1980 साली. त्याआधी किती साधकांनी हा स्वतःचाच दोष मानून सोसला असेल! तुम्हाला तेच आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचं. त्यांच्याकडे आपण जाऊच.

तोवर नाम मोठ्यानं घ्या. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, ते व्हेगस या मज्जातंतूचं काम. नाम उच्चारताना श्वास आपसूक सावकाश सुटतो. चालत घेतलं तरी चालेल. श्वासाकडे लक्ष गेल्यानंच घाबरायला झालं तर तो नाद सोडा, पावलांखालची जमीन जाणवू द्या. पाच मिनिटंही पुष्कळ झाली.

आई, तू त्यांना "नेटानं बसा" म्हणतेस ते मायेनंच, पण आता नको म्हणूस. आणि तुलाही एक विचारायचंय. अपघाताच्या त्या रात्रीपासून तू तास तास निश्चल बसतेस, "काहीच जाणवत नाही" म्हणतेस. सगळे त्याला शांती म्हणतात. मला कधीकधी भीती वाटते, की ते बधिरपण तर नाही? फार भ्यालेलं शरीर असंही गोठतं. ध्यानातून उठल्यावर तुला हलकं वाटतं, की हातपाय दुसऱ्याचेच वाटतात? त्या रात्रीनंतर तू एकदा तरी रडलीस का गं?

शनिवारी येतेय. बाबांचं आसन भिंतीला टेकून, दाराकडे तोंड करून मांडू. तू माझ्या शेजारी बस.

तुमची,
लेक