सुट्टीच्या कार्डावर क्रिएटिनिनची तारीख हवी

संपादक महोदय,

गेल्या वर्षी सोयाबीनच्या सोंगणीत माझ्या वडिलांना घोणस चावली. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली, पाच वेळा डायलिसिस करावे लागले आणि एकविसाव्या दिवशी सुट्टी झाली, तेव्हा बाबा वाचले एवढ्यातच आम्ही समाधानी होतो. कार्डावर क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा टाकाऊ पदार्थ; मूत्रपिंड नीट गाळत नसेल तर तो रक्तात वाढतो) 1.5, शेरा 'प्रकृतीत सुधारणा' आणि लाल शाईने पायाच्या ड्रेसिंगची तारीख होती. मूत्रपिंड पुन्हा कधी तपासायचे, याची एक ओळही नव्हती. पुढे अकरा महिने कंबर दुखली की ते दुकानातून दुखण्याची गोळी आणून घेत राहिले, कारण तिने मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो, ती घेऊ नका, असे कोणी सांगितलेच नव्हते. आता पायावर सूज आहे आणि क्रिएटिनिन 3.4 आहे.

अचानक निकामी झालेले मूत्रपिंड पुन्हा चालू लागले म्हणजे रुग्ण बरा झाला, ही समजूत अपुरी आहे. अशा रुग्णांना पुढील काही वर्षांत मूत्रपिंडाचा कायमचा विकार व हृदयविकार जडण्याची आणि मृत्यूचीही शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. शिवाय दीर्घ आजारात मांस झडल्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी दिसते, त्यामुळे सुट्टीच्या वेळचा आकडा फसवा ठरू शकतो. म्हणूनच केडीआयजीओ या मूत्रपिंडविकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तीन महिन्यांनी अशा रुग्णांची फेरतपासणी करण्यास सांगितले आहे. त्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब एवढे पाहिले तरी बरेच कळते.

आपल्याकडे सर्पदंश, फवारणीची विषबाधा, स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप), उन्हाळ्यातील हगवण यांतून असे रुग्ण दरवर्षी येतात. 2016 पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु यंत्रापर्यंत जाण्याची वेळ टाळता येईल असे मधले महिने कोणाच्याच नोंदीत नाहीत. बाळाच्या लसीची तारीख आमच्या आशाताईंच्या वहीत असते, तशी या रुग्णांची का नसावी?

आरोग्य विभागाने सुट्टीच्या कार्डावर तीन महिन्यांनंतरच्या तपासणीची तारीख आणि 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी घेऊ नये' ही सूचना मराठीत छापावी, आणि त्या कार्डाची एक प्रत रुग्णाच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावी, अशी विनंती आहे.

– एक शेतकरी वाचक, यवतमाळ जिल्हा