टेम्पो यायच्या आत कीटकसंग्रहाच्या ड्रॉवरचे फोटो काढायचेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आपली चाळ पुनर्विकासाला गेलीये आणि मार्चअखेर आपल्या निसर्ग-अभ्यास मंडळाची तळमजल्याची खोली रिकामी करून द्यायची आहे, हे एव्हाना सगळ्यांना कळलंच असेल. पुस्तकं, खुर्च्या, प्रोजेक्टर कुठे जाणार ते ठरलंय, त्याची चिंता नाही. चिंता आहे ती कीटकसंग्रहाची. ११२ ड्रॉवर आहेत आणि ते टेम्पोत चढायच्या आत प्रत्येक ड्रॉवरचा अख्खा, बारीकसारीक सगळं दिसेल असा फोटो काढून ठेवायचा असं कार्यकारिणीने ठरवलंय. त्याला पैसा पाहिजे आणि माणसंही पाहिजेत.

नवीन सभासद बरेच झालेत म्हणून हा संग्रह कसा उभा राहिला ते सांगते, जुन्यांनीही परत वाचावं. संग्रह सुरू करणारे मोठे सर दादरला शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि रविवार आला की पोरांना लोकलमध्ये घालून आरे, येऊर, कर्नाळा, शिवडीची खाडी, सुट्टी असेल तर माथेरान असं फिरवायचे, खांद्याला जाळी आणि पिशवीत बाटल्या. संध्याकाळी परत आले की पोरांना घरी न सोडता आधी चिठ्ठ्या लिहायला बसवायचे. कुठे सापडला, कधी, कोणाला. ज्या किड्याला चिठ्ठी नाही तो सर ड्रॉवरमध्ये लावूच द्यायचे नाहीत, मग तो कितीही सुंदर असो. पुढे हे काम बाईंनी हातात घेतलं आणि काळ्या शाईने इतक्या बारीक अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या की आज भिंगाशिवाय वाचता येत नाहीत, पण एक अक्षर पुसलेलं नाही.

आणि सुतारकाका! गिरणी बंद पडली, घरात खाणारी तोंडं चार, तरी या माणसाने मंडळाकडून फक्त लाकडाचे पैसे घेतले. सागवानाचे ड्रॉवर, काचेचं झाकण असं घट्ट बसवलेलं की म्युझियम बीटलची अळी आत शिरायला फट मिळू नये. ही अळी सुकलेले किडे आतून पोखरते आणि खाली नुसता भुगा पडतो, आपल्याकडे मात्र अजून बरेचसे ड्रॉवर शाबूत आहेत ते काकांच्या हातामुळे. नंतर मिठाईवाल्या शेठजींनी दुकानातला जुना डीप फ्रीझर दिला. ड्रॉवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उणे २० अंशांवर आठवडा-दोन आठवडे ठेवला की आतली कीड मरते, त्यामुळे डांबरगोळ्यांचा मारा जवळजवळ बंद झाला. शेठजींनी पाटी लावायलाही नकार दिला होता, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

२६ जुलै २००५ विसरणं शक्यच नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस आणि इथे आपल्या खोलीत पाणी चढायला लागलं, लाईट गेलेली, तेव्हा वरच्या मजल्यावरची पोरं, ज्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी कीटकांचं पुस्तक उघडलं नसेल, त्यांनी साखळी करून एकेक ड्रॉवर आडवा धरून जिन्याने वर नेला. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पलंगाखालचं सामान बाहेर काढून तिथे फुलपाखरांचे ड्रॉवर ठेवले आणि गणपतीपर्यंत तसेच सांभाळले. घरात पाहुणे, मुलं, सगळं असताना! या चाळीचे उपकार मंडळ कधीच फेडू शकणार नाही.

म्हणूनच मागच्या वेळचं मनाला लागलं. डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) आणि ड्रॉवरच्या तळाला घालायचा नवीन फोम यासाठी आवाहन केलं होतं, ग्रुपवर अंगठे भरपूर आले, पैसे मोजक्या घरांतून. वर "मेलेले किडे जपून काय करणार" असंही ऐकायला मिळालं. त्याचं उत्तर आता देते. आरेमधला एखादा भुंगा ज्याच्याखाली जागा आणि तारीख लिहिलीये, तो त्या दिवशी तिथे होता याचा पुरावा आहे. आज त्या जागी इमारत असेल, रस्ता असेल, तो भुंगा परत जाऊन पकडता येणार नाही. आपणही किडे पकडून टाचणं कधीच थांबवलंय, आता मुलं मोबाईलवर फोटो काढून नोंदवतात, म्हणजे आहे तो संग्रह वाढणार नाही, फक्त कमी होऊ शकतो. आणि अशा नोंदी ठेवणं आपल्याकडे नवं नाही, १८८३ साली याच मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी काढली, त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन ही आपली माणसं होती. ब्लू मॉरमॉनला २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू केलं तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, तेच फुलपाखरू सरांच्या ड्रॉवरमध्ये तारखेसकट बसलंय हे किती जणांनी येऊन पाहिलं?

मोठ्या संग्रहालयांचंही काय होतं बघा. दिल्लीचं राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय एप्रिल २०१६ मध्ये जळलं. ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय सप्टेंबर २०१८ मध्ये एका रात्रीत गेलं, त्यात सुमारे ५० लाख कीटक होते. ज्याचा फोटो नव्हता त्याचं फारसं काही उरलं नाही. आपल्याला तर टेम्पोतून न्यायचंय, मुंबईच्या खड्ड्यांतून, आणि वाळलेल्या किड्याचे पाय आणि मिशा नुसत्या धक्क्यानेही गळतात.

आता अख्ख्या ड्रॉवरचाच फोटो का, एकेक किडा काढून का नाही असं दोघा-तिघांनी विचारलं. एकेक किडा टाचणीने उचलायचा, फोटो काढायचा, परत लावायचा, यात वर्षं जातील आणि प्रत्येक उचलण्यात काहीतरी मोडेल. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने, बर्लिनच्या संग्रहालयाने, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या विद्यापीठाने २०१२च्या सुमारासच ही पद्धत वापरून दाखवलीये. ड्रॉवरची काच काढायची, वर रेलवर कॅमेरा, तो थोडाथोडा सरकत जातो आणि एकमेकांवर चढणारे फोटो काढतो, मग सॉफ्टवेअर ते जोडून एक प्रचंड फोटो बनवतं. झूम केलं की लहान किड्यांचे बारीक तपशीलही दिसतात. साध्या लेन्सने कडेचे किडे तिरके दिसतात, उंच टाचलेला पतंग शेजाऱ्याला झाकतो, म्हणून टेलिसेंट्रिक लेन्स लागते, जी सगळं सरळ वरून बघितल्यासारखं टिपते. कारखान्यात सुटे भाग तपासायला अशा लेन्स असतात, आपल्या एका सभासदाच्या ओळखीने ती भाड्याने मिळतेय. पुढे प्रत्येक किड्याभोवती चौकट आखून वेगळा फोटो कापायला लंडनवाल्यांनीच बनवलेलं इन्सिलेक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे.

यात चिठ्ठ्या येणार नाहीत हे आधीच सांगते, कारण त्या किड्याच्या खाली असतात, वरून फार तर कोपरा दिसतो. चिठ्ठ्यांचं काम नवीन जागेत गेल्यावर सावकाश करू, तेव्हा परत बोलवीन. पण ड्रॉवरचा फोटो असला की कोणता किडा कुठे होता, पाय होते की नव्हते, हे कायमचं नोंदलं जातं, पुण्यातला किंवा बंगळुरूतला तज्ज्ञ घरबसल्या बघून नाव चुकलं असेल तर सांगू शकतो, आणि दोन वर्षांनी परत फोटो काढला की कुठे कीड लागलीये ते शेजारी ठेवून लगेच कळतं. हे काम थंडीतच व्हायला हवं, एकदा हवा दमट झाली की उघडलेल्या ड्रॉवरमध्ये बुरशी धरते.

तर खर्चाचं: ड्रॉवरमागे १,२०० रुपये, एकूण १,३४,४००, यात लेन्सचं भाडं, रेल, दिवे, दोन हार्ड डिस्क (एक मंडळाकडे, एक खजिनदारांच्या घरी वेगळ्या उपनगरात) आणि हलवायला फोमच्या पेट्या धरल्यात. कॅमेरा सभासदाचा आहे, त्याचे पैसे नाहीत. ज्यांना पूर्ण ड्रॉवर जमत नाही त्यांनी दोघांत-तिघांत घ्यावा, शंभर रुपयेही चालतील. ज्याने ड्रॉवर घेतला त्याचं नाव त्या फोटोच्या नोंदीत राहील. क्यूआर कोड सभासदांच्या ग्रुपवर पिन केलाय, ग्रुपवर नसाल तर शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ खोलीवर रोख किंवा चेक द्या, पावती लगेच मिळेल.

माणसं: डिसेंबर ते फेब्रुवारी, दर शनिवार-रविवार सकाळी नऊ ते एक, एका वेळी चौघे पुरेत, दोघे ड्रॉवर आणणार-नेणार, एक कॅमेऱ्यावर, एक वहीत नंबर टिपणार. दहावीच्या वरची मुलं चालतील, पाठवाच. काम चालू असताना पंखा बंद असतो, नाहीतर पंख उडतात, त्यामुळे सुती कपडे घालून या. जुन्या ड्रॉवरना डांबरगोळ्यांचा वास अजून आहे, ज्यांना दमा आहे त्यांनी ड्रॉवरपाशी न येता घरून फोटो जोडायचं काम घ्यावं, त्यासाठी बऱ्यापैकी कॉम्प्युटर लागेल. २००५ मध्ये जिन्यावर उभी असलेली जी पोरं आता ठाणे, विरार, बदलापूरला गेलीत त्यांच्यापर्यंत हा मेसेज कोणीतरी नक्की पोचवा, त्यांना पहिल्या शनिवारी बोलवायचंय.

नावं रविवारपर्यंत मला कळवा, वेळापत्रक सोमवारी टाकते.

सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)