पैसा पानाला, पेटीला नाही

टँपा, फ्लोरिडा
रविवार

तीर्थरूप मामांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

होय, तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. महिन्यातनं एकदा-दोनदा मी सिगार ओढतो. फोनवर आई शेजारीच होती, म्हणून नीट बोलता आलं नाही. हे पत्र घरच्या पत्त्यावर न टाकता निपाणीच्या तंबाखूच्या वखारीच्या पत्त्यावर टाकतोय, त्यावरनं काय ते समजा.

तुम्ही विचारलंत की ओढतोस कशाला, परवडतं कसं आणि तंबाखूचं पान कुठलं असतं. पहिल्याला माझ्याकडं धड उत्तर नाही. या गावात राहून सिगारबद्दल कुतूहल वाटणार नाही असा माणूस विरळा, एवढंच म्हणेन. उरलेल्या दोन प्रश्नांचं उत्तर मात्र एकच आहे. पानाची पारख असली की परवडतं, नसली की खिसा कापला जातो.

आधी गावाचं सांगतो. टँपात ईबोर सिटी नावाची पेठ आहे. विसेंते मार्तिनेझ ईबोर हा मूळचा स्पेनचा, पुढं क्युबात आणि मग फ्लोरिडातल्याच ‘की वेस्ट’ बेटावर धंदा केलेला कारखानदार. त्यानं 1885 साली इथं जमीन घेतली आणि पुढच्या वर्षी सिगारचा कारखाना काढला. इथंच का, तर बंदर होतं, रेल्वे नुकतीच आली होती आणि हवेत दमटपणा होता. दमटपणाचं महत्त्व तुम्हाला मी काय सांगणार? दव असताना पहाटे पान हाताळायचं, ऊन चढलं की हात लावला तरी चुरा होतो, हे तुम्हीच मला शेतात उभं करून दाखवलं होतं. त्याच कारणासाठी एक अख्खं शहर वसलं. क्युबन, स्पॅनिश आणि इटालियन माणसं हजारोंनी आली, कामगारांनी स्वतःचे क्लब आणि दवाखानेसुद्धा काढले. आता बहुतेक कारखाने बंद आहेत, रस्त्यावर कोंबडे मोकाट हिंडतात आणि त्यांना धक्का लावायला कायद्यानं बंदी आहे. 1910 साली बांधलेला, घड्याळाचा मनोरा असलेला एक विटांचा कारखाना तेवढा अजून चालू आहे. न्यूमन कुटुंबाचा. तिथं 1930 च्या दशकातली यंत्रं आजही कामाला आहेत.

त्या जुन्या कारखान्यांतली एक गोष्ट तुम्हाला आवडेल. सिगार वळणाऱ्यांच्या दालनात उंच चौथऱ्यावर एक वाचक बसायचा. दिवसभर मोठ्या आवाजात वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवायचा, आणि त्याचा पगार मालक नव्हे, कामगार वर्गणी काढून द्यायचे. मालकांना तो नकोसा होता, कारण कामगार शहाणे व्हायला लागले. 1931 साली वाचक हटवले आणि त्यांच्या जागी रेडिओ आला. केरळात कन्नूरकडं विडी कामगारांमध्येही अशीच वाचनाची रीत होती. आपल्या वखारीत चाळणीवर बसलेल्या बायकांना कुणी काही वाचून दाखवल्याचं मला तरी आठवत नाही. तिथं खोकल्याशिवाय दुसरा आवाज नसायचा.

आता पानाचं. चांगल्या सिगारमध्ये कागद नसतो, सगळं पानच. आत फिलर, त्याला आवळून धरणारं बाइंडर आणि वरनं दिसायला देखणं असं रॅपर. रॅपर सगळ्यात महाग, कारण त्याला भोक नको, डाग नको, जाड शीर नको. अमेरिकेत कनेटिकटच्या खोऱ्यात त्यासाठी शेतावर कापडाचा मांडव घालतात, म्हणजे ऊन गाळून पडतं आणि पान पातळ राहतं. फिलर बहुतेक निकाराग्वा, होंडुरास किंवा डॉमिनिकन रिपब्लिकचं. झाडाच्या खालचं पान सौम्य आणि चटकन जळणारं, शेंड्याचं जाड, कडक आणि रेंगाळत जळणारं. हे ऐकून तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? नवीन एवढंच की इथं त्या प्रत्येक थराला वेगळं नाव आहे आणि दुकानात लोक त्यावर तास-तास बोलतात.

आपलं विडीच्या तंबाखूचं पान उन्हात वाळतं, हे सावलीत टांगून वाळवतात. मग त्याचे माणसाएवढे ढीग लावतात. ढीग आतनं तापतो, अमोनियाचा उग्र वास सुटतो, ठरावीक उष्णतेला पोचला की उलथून पुन्हा रचतात. असं कित्येक महिने चालतं. काळपट रॅपरला ही भट्टी जास्त लागते, म्हणून तो गडद होतो. गडद म्हणजे कडक, असं नवखा माणूस समजतो, पण तसं नाही. कडकपणा पोटातल्या मालावर ठरतो. कित्येक काळेकुट्ट सिगार चवीला गोडसर आणि मऊ असतात, आणि फिकट दिसणारा एखादा डोकं गरगरवतो.

पैशाचं गणित आता सांगतो. पेट्रोल पंपावर डॉलर-दीड डॉलरला जे मिळतं, त्यातल्या बऱ्याच मालात तंबाखूची भुकटी आणि काड्या यांचा लगदा करून लाटलेला कागद वापरतात, वर द्राक्षाचा नाहीतर व्हॅनिलाचा वास. वखारीत झाडून गोळा करतात तो माल डोळ्यांसमोर आणा. तो स्वस्त नव्हे, फुकट घेतला तरी महाग. दुसऱ्या टोकाला वीस-तीस डॉलरचे सिगार आहेत, त्यातला बराच पैसा पेटीला, कागदी पट्टीला आणि नावाला जातो. नवख्याच्या जिभेला सहा डॉलर आणि वीस डॉलर यांतला फरक कळत नाही. मला तर अजून नीट कळत नाही, आणि त्याचं दुःखही नाही.

मधल्या पट्ट्यात खरी गंमत आहे. हातानं वळलेले, पण पेटीऐवजी नुसत्या पारदर्शक कागदात गठ्ठ्यानं बांधून विकलेले सिगार असतात. न्यूमन यांचाच कोरम नावाचा गठ्ठ्यातला सिगार निकाराग्वातल्या एस्तेलीहून येतो, एक नग तीनेक डॉलरला पडतो. गठ्ठ्यातल्या मालात कित्येकदा लांब पानाबरोबर तुकडेही भरलेले असतात, त्यामुळं जरा गरम ओढतो आणि मधूनच जिभेवर कण येतो. शिकायला पुष्कळ झाला. त्याच घरचा ब्रिक हाउस सगळा लांब पानाचा, किंमत साधारण दुप्पट. दुकानदाराशी ओळख झाली की तो ‘सेकंड्स’ काढून दाखवतो. रॅपरचा रंग जुळला नाही किंवा एखादा डाग दिसला म्हणून बाजूला टाकलेला माल. पान तेच, भाव निम्मा. आपल्याकडं प्रतवारीत डागी म्हणून उतरवलेल्या मालाचं काय होतं ते मी पाहिलंय, म्हणून मला हे लगेच उमगलं. शिवाय फ्लोरिडात सिगारवर राज्याचा तंबाखू कर नाही, आणि केंद्राचा कर मोठ्या सिगारला नगामागे 40.26 सेंटच्या वर जात नाही. दुसऱ्या राज्यांतले लोक यावरून आमचा हेवा करतात.

दुकानदारानं मला पहिल्याच भेटीत ह्युमिडॉर विकायचा घाट घातला होता. म्हणजे स्पॅनिश सीडर नावाच्या लाकडाची पेटी, आत ओल राखणारं साधन, झाकणावर ओल मोजणारा काटा. दोनशे डॉलर! मी मान हलवली आणि घरी येऊन घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा धुऊन वाळवला. त्यात बाजारात मिळणारी ओलाव्याची पुडी टाकली, 65 टक्के लिहिलेली. काही डॉलरची पुडी कित्येक महिने चालते. ओल 65 ते 70 टक्के राहिली की झालं. कमी पडली तर रॅपर तडकतो, जास्त झाली तर सिगार विझत राहतो आणि बुरशी धरते. ओल मोजायचा काटा खरा बोलतो का, हे पाहायची युक्ती साधी आहे. बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, चार थेंब पाणी घालून चिखलासारखं करायचं, काट्याशेजारी हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. सकाळी काटा 75 दाखवायला हवा. ओल्या मिठाभोवतीची हवा तेवढ्यावरच स्थिरावते. तुम्ही पान मुठीत दाबून सोडता आणि ओल सांगता, तसं मला जमत नाही, म्हणून ही मिठाची कसरत.

आणि मामा, तो तपकिरी किडा इथंही आहे! वखारीत तंबाखूला, सांगलीच्या पेठेत हळदीला लागतो तोच. सिगारला टाचणीएवढं भोक पाडून बाहेर येतो. उष्णता 24-25 अंशांच्या वर गेली की अंडी भराभर फुटायला लागतात, आणि फ्लोरिडाचा उन्हाळा म्हणजे त्याची चंगळ. म्हणून डबा नेहमी एसीच्या खोलीत.

बाकी सामान म्हणजे तीन-चार डॉलरचा दुधारी कटर आणि लाकडी काड्यांची पेटी. पेट्रोलचा लायटर नको, वास पानात शिरतो. डोक्याकडं पानाची छोटी टोपी चिकटवलेली असते. टोपीचा नुसता शेंडा छाटायचा, दोन मिलिमीटर. टोपीची गोलाई संपते त्या खांद्याच्या खाली काप गेला की रॅपर उलगडत जातो. न पेटवताच एक झुरका घेऊन हवा येते का पाहायचं. मग दुसऱ्या टोकाला ज्योत न टेकवता, जरा लांबनं फिरवत कड सगळीकडनं लाल करायची. घाई केली की एका बाजूनं जळत जातो. मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही. भराभर ओढला की सिगार तापतो आणि धूर कडवट होतो, आणि मग माणूस म्हणतो माल खराब. राख आपणहून पडू द्यायची. विझला तर राख झटकून पुन्हा पेटवायचा. शेवटचा तिसरा हिस्सा कडू लागायला लागला की ठेवून द्यायचा, चुरडायचा नाही, नाहीतर खोलीभर घाण वास.

नवख्यानं लांबलचक सिगारच्या वाटेला जाऊ नये. पेटिट करोना नावाचा साडेचार इंचाचा असतो, अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. रोबुस्तो पाच इंचाचा, पण जाडी 50. ही जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. रिकाम्या पोटी कधीच ओढायचा नाही. धूर छातीत घ्यायचा नसतो, तरी सिगारच्या धुरातलं निकोटिन तोंडातूनच रक्तात उतरतं. गरगरलं, घाम फुटला, की गोड काहीतरी खायचं आणि बसून राहायचं.

आरोग्याचं लपवत नाही. छातीत घेत नाही म्हणून सिगार सुरक्षित, हे दुकानातलं बोलणं आहे. तोंडाचा, घशाचा, स्वरयंत्राचा कॅन्सर सिगारनंही होतो, आणि एका मोठ्या सिगारमध्ये कधी कधी अख्ख्या सिगारेटच्या पाकिटाएवढा तंबाखू असतो. आयुष्य तंबाखूत गेलं तरी तुम्ही विडीला कधी हात लावला नाहीत, ते उगीच नाही. म्हणून माझा हात महिन्याला दोनाच्या वर जाऊ देत नाही. सगळा खर्च पंधरा डॉलरच्या आत बसतो. दादाला कळवा, हे पत्र ओढायला लाग म्हणून लिहिलेलं नाही. आणि त्यानं मागितलेला ‘क्युबाचा’ सिगार इथं दुकानात मिळतच नाही. 1962 सालापासून अमेरिकेनं क्युबाशी व्यापार बंद केलाय. बंदीच्या आदेशावर सही करण्याआधी राष्ट्राध्यक्ष केनेडींनी आपल्या सहकाऱ्याला पाठवून स्वतःसाठी हजारभर क्युबन सिगार गोळा करून घेतले, असं तो सहकारीच पुढं सांगायचा. सुट्टीच्या गावी काचेच्या झाकणाच्या पेटीत कुणी ‘अस्सल क्युबन’ विकत असेल, तर दादानं पाकीट खिशातच ठेवावं.

एक गोष्ट मात्र मला इथं सतत खटकते. दुकानात गेलं की कुठल्या खोऱ्यातलं पान, कुठल्या थराचं, किती वर्षं मुरवलेलं, याची चर्चा चालते. आपल्याकडं प्रत व्यापारी ठरवायचा आणि शेतकऱ्यानं मान डोलवायची. 1981 साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींबरोबर तुम्ही सगळे हायवेवर जाऊन बसलात ते त्याचसाठी, गोळीबारात माणसंही गेली. तरी निपाणीच्या पानाला स्वतःचं नाव कुणी दिलं नाही, ते ‘विडीचा तंबाखू’च राहिलं. एस्तेलीच्या पानाचं नाव मी टँपात बसून घेतो, अन् निपाणीचं नाव विडीच्या बंडलावर कुठं दिसत नाही. राग येतो, दुसरं काय.

दिवाळीत येतोय. येताना दोन सिगार आणीन, एक गठ्ठ्यातला तीन डॉलरचा आणि एक बरा. ओढायचे नाहीत. वखारीत बसून ब्लेडनं उभे चिरू, थर वेगळे करू, आणि कुठल्यात तुकडे भरलेत ते तुम्ही वासावरनं सांगायचं. यंदा पानाला भाव काय निघाला आणि पावसानं किती नुकसान केलं, तेवढं कळवा. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
विनय