बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, जरा सविस्तर

प्रिय आई-बाबा,

सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आता या वयात देवाला आमच्याकडून काय हवंय?" दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. मोशे मिसरचा राजा फारो याच्यासमोर उभा राहिला तेव्हा ८० वर्षांचा होता, त्याचा भाऊ अहरोन ८३. कालेबाला जमिनीचं वचन मिळालं चाळिशीत आणि त्याने ते यहोशवाकडे मागितलं ८५व्या वर्षी. मागितला तोही डोंगराळ मुलूख, जिथे अनाकी म्हणजे धिप्पाड लोक राहत होते. आणि आई, तुझी आवडती हन्ना. लूककृत शुभवर्तमानात तिच्या वयाचा आकडा ८४ असा आहे. उपास, प्रार्थना आणि मंदिर, एवढंच तिचं काम. बाळ येशूला आणलं त्या घडीला ती तिथे हजर होती, कारण ती रोजच तिथे असायची.

आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, "पाचारण" (देवाचं बोलावणं) म्हटलं की पाळक व्हायचं किंवा मिशनचं काम करायचं, एवढंच डोळ्यांसमोर येतं. मग निवृत्त झालं की पाचारणही संपलं असं वाटतं. पण इफिसकरांस पत्रात (२:१०) म्हटलंय की सत्कृत्यं देवाने आधीच योजून ठेवली आहेत आणि आपण त्यांत चालायचं आहे. चालायचं म्हणजे एकेक पाऊल टाकायचं. अब्राहाम ७५व्या वर्षी हारानहून निघाला तेव्हा त्याला देशाचं नावसुद्धा सांगितलेलं नव्हतं. "मी दाखवीन त्या देशात जा" एवढंच. पुढचं समजण्यासाठी त्याला आधी निघावं लागलं. देवाने आपल्यासाठी ठरवलेलं आपल्या हाती येतं ते याच वाटेने, असं मला मनापासून वाटतं.

इथे एक क्रम मात्र चुकू द्यायचा नाही. निर्गम २० मध्ये दहा आज्ञा सुरू होण्याआधी, दुसऱ्याच वचनात काय आहे पाहा: मिसर देशातून, दास्यातून मी तुला बाहेर आणलं. सुटका आधी, आज्ञा नंतर. "मी इतकं पाळलं तर देव मला स्वीकारेल" या धाकाने पाळणारा माणूस एक तर खचतो, नाहीतर दुसऱ्यांना मोजायला लागतो.

सगळ्यांत जास्त घसरतो आपण अर्धवट आज्ञापालनात. १ शमुवेल १५ सावकाश वाचा. शौल राजाला आज्ञा होती की अमालेकी लोकांचा आणि त्यांच्या जनावरांचा सबंध नाश कर. शौलाने ती धुडकावली नव्हती. तो लढाईला गेला, जिंकला, आणि संदेष्टा शमुवेल भेटल्यावर स्वतःहून म्हणाला की मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेलाने विचारलं, मग ही मेंढरांची बेंबें कसली ऐकू येते? अमालेक्यांचा राजा अगाग याला जिवंत ठेवलेलं, चांगली चांगली जनावरं राखलेली. आता शौलाचे शब्द बघा. जनावरं राखली ती "लोकांनी", बाकीच्यांचा नाश केला तो "आम्ही". कारणही धार्मिक: यज्ञासाठी ठेवली. आणि प्रत्येक वेळी तो म्हणतो "तुझा देव परमेश्वर", "माझा" म्हणत नाही. राज्य त्याच्या हातून गेलं ते या राखून ठेवलेल्या भागापायी. आपणही वर्गणी देतो, उपासना चुकवत नाही, आणि एक गोष्ट बाजूला ठेवतो. बहुतेक वेळा ती असते भाऊबंदकी.

कोड झालेला अरामी सेनापती नामान, त्याचं उलट होतं. त्याला आज्ञा फार क्षुल्लक वाटली. संदेष्टा अलीशाने बाहेर येऊन हात फिरवावा, अशी त्याची अपेक्षा. निरोप आला यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. आपल्या दिमिष्कातल्या (दमास्कसच्या) अबाना आणि परपर नद्या काय वाईट होत्या, म्हणून तो रागाने निघालाच होता, चाकरांनी समजावलं म्हणून थांबला. सहाव्या बुडीनंतर थोडं बरं वाटलं, असं शास्त्र, म्हणजे बायबल, कुठेही म्हणत नाही. सातवी मारल्यावर त्वचा लहान मुलासारखी झाली.

केडगावच्या पंडिता रमाबाई तुम्हाला माहीत आहेतच, पण लोक त्यांची दुष्काळातली कामगिरी सांगतात आणि शेवटची वर्षं विसरतात. खेड्यातल्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत त्या इब्री आणि ग्रीकवरून सबंध शास्त्राचं भाषांतर करत बसल्या होत्या. टेबल, कोश, एकेक वचन, वर्षानुवर्षं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही; ते पुरं झालं आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. मत्तय ५ पासून सुरू करा. रोज आठ-दहा वचनं, त्याहून जास्त नको. आई मोठ्याने वाचेल, बाबांनी ऐकायचं. दुसऱ्या दिवशी उलट. मग एकच प्रश्न: यात आज करण्यासारखं काही सांगितलंय का? असेल तर वहीत एक ओळ, त्यात माणसाचं नाव आणि वेळ हवी. "प्रेमाने वागेन" असं लिहू नका, ते कधीच होत नाही. "संध्याकाळी पाचला अमक्याला फोन" असं लिहा. रात्री झालं की नाही एवढीच खूण. झालं नसेल तर तीच ओळ उद्याच्या पानावर. नवं वचन घेण्याची घाई नको. याकोब म्हणतो तो आरशात तोंड बघून विसरणारा माणूस याच घाईतून तयार होतो. ज्या दिवशी आज्ञा सापडणार नाही त्या दिवशी उपकार माना आणि वही मिटा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ५:२३-२४ येईल: अर्पण वेदीजवळ ठेव, आधी भावाशी समेट कर. तिथे अडाल. त्याच्या जोडीला मत्तय १८:१५ वाचा. पहिली पायरी दोघांनीच, एकांतात. नाही जमलं तर एक-दोघांना सोबत घेऊन. मंडळीला सांगायचं ते त्यानंतर. आपल्याकडे लोक शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात, म्हणजे आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर. म्हणून समेट होत नाही.

आणि एक कळकळीने सांगते. "देवाने मला तुमच्यासाठी सांगितलंय" असं म्हणत कुणी आलं, तर १ राजे १३ आठवा. यहूदाहून आलेल्या देवाच्या माणसाला स्पष्ट आज्ञा होती: इथे जेवू नको, पाणी पिऊ नको, आल्या वाटेने परतू नको. बेथेलच्या म्हाताऱ्या संदेष्ट्याने "देवदूताने सांगितलंय" असं खोटं सांगून त्याला परत फिरवलं, आणि वाटेत सिंहाने त्याला मारलं. देवाने आधी जे उघड सांगितलं आहे त्याच्या विरुद्ध कुणाचा संदेश जात असेल, तर तो घ्यायचा नाही. गोळ्या बंद करा म्हणजे विश्वास दिसेल, अमुक रक्कम पेरा म्हणजे आजार जाईल, हे सांगणारे तुमच्या वयाच्या माणसांनाच गाठतात. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. लूक स्वतः वैद्य होता. आई, रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच घ्यायची. दान द्यायचं तर २ करिंथ ९:७ प्रमाणे, मनात ठरवून, कुणाच्या दडपणाखाली नाही. पेन्शन जमा झाली की त्याच दिवशी वेगळ्या पाकिटात काढून ठेवा.

मोठ्या अक्षरांचं शास्त्र आणि दोनशे पानी वही पाठवली आहे. बाबा, चष्म्याचा नंबर मात्र आधी तपासून घ्या. रविवारी उपासनेनंतर फोन करते, तोवर वहीची पहिली ओळ लिहिलेली असू दे. ती मला वाचून दाखवायची गरज नाही.

तुमची,
धाकटी