रविवारची मुलांची जंगलफेरी : संजय गांधी राष्ट्रीय उद्यान

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी साडेसातला बोरिवली पूर्वेच्या मुख्य प्रवेशद्वारापाशी जमायचं आहे. तिकिटाचा खर्च ज्याचा त्याने करावा. वय वर्षे ५ ते १२. प्रत्येक मुलासोबत घरातलं एक मोठं माणूस हवंच.

पाऊस नुकताच सरलाय, त्यामुळे यंदा मुख्य काम कोळी शोधण्याचं. जायंट वूड स्पायडरची तळहाताएवढी मादी जाळ्याच्या मधोमध बसलेली असते. त्याच जाळ्यात कडेला काही मिलिमीटरचा नर असतो. तो ज्याला आधी दिसेल त्याने ओरडायचं नाही, फक्त हात वर करायचा. शिवाय ओंबिलांनी (झाडावरच्या तांबड्या मुंग्यांनी) पानं शिवून केलेली घरटी बघू. (लांबूनच! ओंबील कडकडून चावते.) मग पाच मिनिटं डोळे मिटून आवाज ऐकायचे आणि कागदावर मांडायचे.

सोबत : पाण्याची स्टीलची बाटली, डब्यात खाऊ, पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे, बूट, वही-पेन्सिल. भिंग असल्यास उत्तम.

- प्लास्टिकच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं आणू नका.
- माकडांना काहीही द्यायचं नाही, त्यांच्यासमोर डबाही उघडायचा नाही.
- वहीत पानाचा ठसा काढायचा तर गळलेलं पानच घ्यायचं. ते तिथेच ठेवून यायचं.
- हा बिबट्यांचा इलाका आहे. मुलांना पुढे पळू देऊ नका, शू करायलाही एकटं सोडू नका.

पालकांनो, फोन खिशात ठेवा, रील्स नंतर.

साडेदहाला परत. नावं गुरुवार रात्रीपर्यंत ग्रुपवर टाका, मुलाच्या वयासकट.