बाराच्या भावात

सांगली, १९ जानेवारी

प्रिय सद्या,

दिवाळीत तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. तिसरा सुनंदाने उचलला आणि मी आंघोळीला गेलोय असं सांगितलं. मी समोरच बसलो होतो. आता काय शिव्या द्यायच्या त्या दे. पण फोनवर मला हे जमलं नसतं. तू पहिल्या वाक्यालाच "काकू कशा आहेत?" विचारतोस आणि उत्तराच्या आत तुझं पुढचं सुरू होतं.

माझी तब्येत बरी. बीपीची गोळी चालू आहे, गुडघा होता तसाच. सुनंदा ठीक.

आईचं गणपतीत तू पाहिलंसच. तुला तिने दोनदा मोदक वाढले आणि तिसऱ्यांदा विचारलं, "तू कधी आलास?" तू हसण्यावारी नेलंस, पण जाताना गेटपाशी माझ्या खांद्यावर हात ठेवलास तो मला कळला होता. नंतर वाढतच गेलं. दूध उतू, कुकरला शिट्टी नाही, मला दादाच्या नावाने हाक. त्यात चालणं बिघडलं. भिंतीला धरून धरून चालायची. ऑक्टोबरात जिन्यात पडली. हाड वाचलं. अठ्ठ्याहत्तर वय, वीस वर्षांची साखर, आम्ही सगळ्यांनी एकच पालुपद धरलं होतं, वय झालं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तिने चौथ्यांदा विचारलं, "लाइटबिल भरलंस का?" आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. बाबांच्या फोटोसमोर ओरडलो एवढं लिहितो. दुसऱ्या दिवशी सकाळी मिरज रस्त्याच्या एका वृद्धाश्रमात जाऊन फॉर्म भरून आलो. अनामत दिली. दादाला फोन केला तर म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर." आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्यावर काही सोपवलं ते हे.

मग झालं असं की आमचे नेहमीचे डॉक्टर मुलीच्या लग्नात होते आणि त्यांच्या जागी एक पोरगी बसली होती. आपल्या मुलींपेक्षा लहान. फाइल तिने उघडलीच नाही. आईला म्हणाली, "आजी, पाय जुळवून उभ्या राहा आणि डोळे मिटा." आई डोळे मिटताक्षणी अशी कलंडली की मी धावलो. मग तिने शाळेत फिजिक्सच्या तासाला असायचा तसला चिमटा वाजवून आईच्या घोट्याला लावला. "थरथर जाणवते?" आई म्हणाली, "कसली?" शेवटी विचारलं, "चालताना चप्पल पायातून निसटून जाते, कळतच नाही, असं होतं का?"

सद्या, गेल्या वर्षात आईच्या चपलांचे तीन जोड देवळातून चोरीला गेले होते. मी गणपती मंदिरात जाऊन तिथल्या माणसाशी भांडून आलो होतो. चोरबिर कुणी नव्हता. चपला वाटेतच पायातून गळत होत्या आणि ही बया अनवाणी घरी येत होती, पायाला रस्ता लागतोय हे न कळता.

रक्तात बी ट्वेल्व्ह निघालं ९६. निदान दोनशेच्या वर हवं. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे बाराच्या भावात गेले म्हण की." ही कोटी तिने त्या अवस्थेत केली आणि मी तपासणीच्या खोलीत रडलो. ती पोरगी बिचारी पाण्याचा ग्लास शोधत होती.

त्यानंतर रात्री वाचत बसायचा नाद लागला. हे जीवनसत्त्व झाडं बनवत नाहीत आणि जनावरंही नाहीत. फक्त जिवाणू बनवतात. त्यांच्याकडून ते जनावरांच्या अंगात येतं, म्हणून मांस, मासे, अंडी, दूध यांत सापडतं. मेथी, आमटी, भाकरी, शेंगदाणे, आईचं अख्खं ताट, सगळीकडे शून्य. लागतं किती, तर दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. मिठाचा एक खडासुद्धा त्याच्यापुढे डोंगर. दूध-दह्यातून थोडं मिळतं, पण आमच्या घरात दूध आधी नातवाला, मग चहाला, आणि पातेलं खरवडायला आई. चातुर्मासात भाद्रपदात दही वर्ज्य, आश्विनात दूध. मी त्या पोरीला म्हटलं, या व्रतांनीच घात केला. ती म्हणाली, "काका, यकृतात साठा असतो, काही वर्षं पुरतो. दोन महिन्यांनी काही होत नाही. गोळ्या कुठल्या चालू आहेत ते दाखवा."

तिथे मी सापडलो.

साखरेची मेटफॉर्मिन चौदा वर्षं. ती आतड्यात हे जीवनसत्त्व शोषू देत नाही, सगळ्यांच्यात नाही, पण पुष्कळांच्यात, हळूहळू. पित्ताची गोळी सहा वर्षं. अन्नातून बी ट्वेल्व्ह सुटं व्हायला जठरात आम्ल लागतं, तेच आम्ही रोज सकाळी अनशेपोटी बंद करत होतो. ती गोळी डॉक्टरने पंधरा दिवसांसाठी दिली होती रे. पुढची सहा वर्षं मेडिकलवाल्याकडून मी आणली, न विचारता, दर महिन्याला, कर्तव्यदक्ष मुलगा म्हणून. आणि कडी म्हणजे रक्तवाढीच्या गोळ्या. दोन वर्षांपूर्वी तिचं हिमोग्लोबिन ९ होतं. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड सुरू केलं, साडेअकरावर गेलं. पेढे वाटायचेच काय ते राहिले होते. तर हे फॉलिक अ‍ॅसिड रक्त सुधारतं, पण बी ट्वेल्व्ह नसेल तर नसांचं वाटोळं आत चालूच राहतं. बोंब मारणारं रक्तच गप्प होतं, मग बघणार कोण?

या फॉलिक अ‍ॅसिडचा माग काढत गेलो तर थेट तुझ्या परळात पोहोचलो. लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण १९२८ साली मुंबईत आली. गिरणीतल्या गरोदर बायका रक्त नसल्याने मरत होत्या, त्याचं कारण शोधायला. हाफकिनमध्ये तिचं काम चालायचं. शेवटी गुण कशाने यावा? मार्माइटने. पावाला फासतात ते यीस्टचं काळं, खारट. त्यातला जो पदार्थ उपयोगी पडला तो पुढे फॉलिक अ‍ॅसिड निघाला. तुझ्या आजीच्या दोन जावा बाळंतपणात गेल्या असं तू हॉस्टेलवर सांगायचास, ते मला त्या रात्री दोन वाजता आठवलं. चाळीपासून हाफकिन किती लांब होतं रे? चालत?

आता अंड्याकडे येतो, तू वाटच बघत असशील. १९८६. मेस बंद, आई पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला गेलेली, आणि तू तिच्या लोखंडी तव्यावर हाफफ्राय केलंस. मी म्हटलं होतं कढईत कर. नाही, तू म्हणालास तव्यावर कडा कुरकुरीत होतात. आईने तो तवा भंगारात दिला आणि तेव्हापासून आमच्याकडे हिंडालियम. लोखंडाच्या भांड्यातून जेवणात लोह उतरतं हे आता मला कळलंय. तेव्हा तिच्या नऊ हिमोग्लोबिनचा पहिला आरोपी तू. दुसरा मी, जेवल्या जेवल्या तिला आयता चहा करून देणारा. चहाने जेवणातलं लोह अंगी लागत नाही. आता दोन तास चहा बंद आणि पानात लिंबाची फोड सक्तीची. सुनंदाने बाजारातून नवा लोखंडी तवा आणलाय. त्यावर अजून एकही भाकरी सुटून आलेली नाही.

अंडं खा म्हटल्यावर आईने माझ्याकडे जसं पाहिलं तसं तेव्हा तुझ्याकडेही पाहिलं नव्हतं. इंजेक्शनातही अंडंबिंडं नाही ना, हे तीनदा विचारलं. मी सांगितलं, जिवाणू वाढवून करतात. "म्हणजे विरजणासारखंच की," म्हणाली आणि दंड पुढे केला. आधी दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला एक.

सव्वादोन महिने झाले. पायातल्या मुंग्या कमी आहेत. बेसिनशी तोंड धुताना डोळे मिटले की पुढे जायची, ते थांबलं. अंगणात एकटी जाते. कोवळं ऊन खायला सातला बसायची. ड जीवनसत्त्वासाठी कोवळं ऊन फारसं कामाचं नाही असं कळल्यावर आता अकराला बसते आणि पदर डोक्यावर घेऊन मला घामाचा हिशोब देते. पण डोकं? लाइटबिल चारदा नाही, दोनदा विचारते. परवा मला म्हणाली, "सद्याने तेव्हा किती अंडी फोडली होती?" मी म्हटलं दोन. "तीन. टरफलं मी मोजली होती." मी आनंदाने त्या पोरीला फोन केला, तर ती म्हणते जुनं आठवणं हे काही लक्षण नाही, काल काय जेवल्या ते विचारा. विचारलं. आईला सांगता आलं नाही. फार काळ उपाशी राहिलेल्या नसा सगळ्या परत येतीलच असं नाही. आणि तिचं विसरणं सगळं या बारामुळेच होतं की त्याच्या आड दुसरंही काही आहे, हे अजून चार-सहा महिन्यांशिवाय कळणार नाही.

मला झोप न येण्याचं कारण मात्र वेगळंच आहे, ते तुलाच सांगता येईल. ती बरी नाही झाली तर मी चौदा वर्षं झोपलो होतो हा हिशोब आहेच. पण ती बरी झाली तर? त्या संध्याकाळी मी काय बोललो ते तिला आठवत असेल का? कधीकधी ती माझ्याकडे बघते, काही बोलत नाही, आणि मला वाटतं आठवतंय. मग ती विचारते दूधवाला येऊन गेला का, आणि मी सुटतो. आई बरी व्हावी म्हणून सुई टोचून आणतो आणि रात्री पडल्या पडल्या घाबरतो. हे सुनंदाला सांगितलं तर ती म्हणेल, सरळ माफी माग. मागेन रे. पण तिला आठवत नसेल तर मीच आठवण करून दिल्यासारखं होईल. आठवत असेल तर ती म्हणेल, "असू दे." ते "असू दे" मला ऐकवणार नाही.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? चिन्मयला पुण्यात नोकरी लागल्याचं मोघ्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही, याचा राग मी राखून ठेवलाय. तूही मेटफॉर्मिन घेतोस ना, आठ-नऊ वर्षं? एकदा बी ट्वेल्व्ह बघून घे. मटण खातो म्हणून मला काही होत नाही असलं मला ऐकवू नकोस. आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस, तुझा तो जुना धंदा आहे.

महाशिवरात्रीच्या सुट्टीत ये. आईला तुझ्याशी तीन अंड्यांचा हिशोब करायचाच आहे. तिच्यासमोर आश्रमाचं अवाक्षर काढू नकोस. अनामत मी अजून परत मागितलेली नाही. का, ते विचारू नकोस. पावती माझ्या पाकिटात आहे, आलास की तुझ्या हाताने फाड.

तुझा,
विन्या